धूर दिसला तिथून घड्याळ सुरू

नमस्कार श्रोतेहो.

14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सप्ताह. चौदा तारखेला आपल्यापैकी कितीतरी जण महूला बाबासाहेबांच्या जन्मस्थळी जाऊन आले असतील. त्याच तारखेला, 1944 साली, मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापसाच्या गाठी पेटल्या. त्याच जहाजात दारूगोळाही भरलेला होता. दुपारी दोनच्या सुमारास धूर लक्षात आला आणि पहिला स्फोट झाला 4 वाजून 6 मिनिटांनी. आग विझवायला गेलेले अग्निशामक दलाचे कितीतरी जवान परतले नाहीत. हा सप्ताह त्यांच्याच आठवणीत पाळतात. मला मात्र दर वर्षी ते मधले दोन तास छळतात.

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी म्हणून माझी बरीच वर्षं गेली. आगीची गोष्ट निघाली की सगळे एकच विचारतात, बंब किती मिनिटांत आला? प्रश्न बरोबर आहे, पण बंब निघतो तो कोणी बोलावल्यावर. त्याआधीची मिनिटं आपल्या कुंपणाच्या आतली असतात, आणि ती कोणीच मोजत नाही.

एका कारखान्यात मी न सांगता मॉक ड्रिल घेतली. अग्निशामक दलाला तेवढं आधी कळवून ठेवलं होतं. गोदामामागे पिंपात ओलं गोणपाट धुमसत ठेवलं आणि घड्याळ लावून उभा राहिलो. वॉचमनला धूर लगेच दिसला. तो धावला सुपरवायझरकडे, सुपरवायझर कँटीनमध्ये. त्याने मॅनेजरला फोन लावला, तर मॅनेजरचा फोन व्यस्त. 101 ला फोन गेला तेव्हा नववं मिनिट चालू होतं. आणि काच फोडून वाजवायची अलार्मची लाल पेटी वॉचमनच्या खुर्चीपासून चार पावलांवर! नंतर मी त्याला जवळ बसवून विचारलं, काच का नाही फोडली? तो म्हणाला, “साब, काँच फोड दी और आग निकली नहीं, तो पैसे किसके कटेंगे?”

श्रोतेहो, ती नऊ मिनिटं त्या माणसाच्या आळसाची नव्हती. आम्ही त्याच्या मनात घातलेल्या भीतीची होती.

नऊ मिनिटं म्हणजे किती, हे समजायला राजवाड्यासमोर उभे राहा. खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. 1984 च्या आगीत त्याचं केवढं नुकसान झालं, ते जुन्या इंदूरकरांना आठवत असेल. पण जाड सागवानी तुळई हळूहळू जळते, वरचा कोळसा झालेला थर आतलं लाकूड काही वेळ राखतो. आजच्या ऑफिसात, वसतिगृहात फोमच्या खुर्च्या, प्लॅस्टिक, सिंथेटिक पडदे. अमेरिकेतल्या चाचण्यांत जुन्या पद्धतीच्या सामानाची खोली पूर्ण पेटायला अर्धा तासाच्या आसपास लागला, आणि आजच्या सामानाची खोली पाच मिनिटांच्या आत पेटली. आजोबांच्या वाड्यावरून आगीचा अंदाज बांधायचे दिवस गेले.

मोजायचं कसं? एक साधी वही पुरते. धूर कोणाला किती वाजता दिसला, अलार्म कधी वाजला, 101 किंवा 112 ला फोन कधी गेला, होजमधून, म्हणजे आग विझवायच्या पाइपातून, पाणी कधी आलं, आणि सगळी माणसं बाहेर आल्याची मोजणी कधी पुरी झाली. दोन नोंदींमध्ये जिथे सर्वांत मोठं अंतर, तिथे आधी हात घालायचा. कधी कारण अगदी क्षुल्लक निघतं: हायड्रंटच्या, म्हणजे होज जोडायच्या नळाच्या, खोलीची किल्ली घरी गेलेल्या माणसाच्या खिशात.

सरासरीवर मात्र विसंबू नका. नऊ ड्रिल दोन-दोन मिनिटांत झाल्या आणि एक वीस मिनिटांत, तर सरासरी चार मिनिटांच्या आतच येते, कागद छान दिसतो. पण ती वीस मिनिटांची ड्रिल बहुधा रात्रपाळीची किंवा रविवारची असते. अमेरिकेतल्या अग्निशमन मानकात दलाला तयार होऊन निघायला 80 सेकंद आणि पहिली गाडी पोचायला 240 सेकंद धरले होते, आणि ते शंभरातल्या नव्वद वेळा साधलं पाहिजे अशी अट होती. आपणही रात्रपाळीला वेगळं मोजावं. भंवरकुआँच्या कोचिंग क्लासच्या संचालकांनाही माझी हीच विनंती आहे. 2019 मध्ये सुरतच्या कोचिंग क्लासमध्ये 22 मुलं गेली, जीव वाचवायला काहींनी वरून उड्या मारल्या. वर्ग भरलेला असताना जिन्याने मुलं उतरवून बघा. रिकाम्या जिन्याचं माप कामाचं नाही.

आणखी एक. आग विझवायचा सहा किलोचा पावडरचा सिलिंडर वीसेक सेकंदांत रिकामा होतो. तो पहिल्यांदा हातात घ्यायची वेळ आगीसमोर येऊ नये. मुदत संपत आलेले सिलिंडर भरायला पाठवण्याआधी कामगारांच्या हातून चालवून घ्या, सफाईवाल्या बाईंनाही चालवू द्या. वहीत कोणाचं नाव लिहू नका. वेळेवरून माणसाला बोल लावलात, की पुढच्या वेळी आकडा खोटा येईल.

त्या कारखान्यात आम्ही फाटकाजवळ पाटी लावली: खोटा अलार्म झाला तरी कोणाचाही पैसा कापला जाणार नाही. खाली मालकांची सही. चार महिन्यांनी, रात्रपाळीत, पुन्हा न सांगता धूर केला. मी अजून घड्याळाकडे बघतोच आहे, तोवर काच फुटल्याचा आवाज आला.