यजमानपद मैदानाच्या बाहेर सिद्ध होतं

(जळगाव येथे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मुरलीकांत पेटकरांचं नाव आता महाराष्ट्रात बहुतेकांना ठाऊक आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला. पुढे पोहण्यात उतरला आणि १९७२ च्या पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे अपंग खेळाडूंच्या ऑलिम्पिकमध्ये, ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यानं भारताला या स्पर्धेतलं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. पण त्या वर्षीचं ऑलिम्पिक भरलं म्युनिकला आणि पेटकर जिंकले ते हायडेलबर्गला. असं का, हे कोणी फारसं विचारत नाही. म्युनिकचं क्रीडाग्राम ऑलिम्पिक आटोपताच खासगी सदनिकांसाठी देऊन टाकायचं आधीच ठरलेलं होतं. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या खेळाडूंना उतरायला तिथे जागाच उरली नाही. शेवटी हायडेलबर्ग या विद्यापीठाच्या गावानं त्यांना बोलावून घेतलं.

हे एकदाच घडलं असतं तर मी इतकं बोललो नसतो. १९६८ साली मेक्सिको सिटीनं नकार दिला, स्पर्धा इस्रायलमध्ये तेल अवीवला झाली. १९८० साली मॉस्कोनं नकार दिला, नेदरलँड्समधल्या आर्नहेमनं दारं उघडली. १९८४ चं तर फारच वाईट. चाकाच्या खुर्चीवरच्या खेळाडूंची स्पर्धा अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात व्हायची होती. काही महिने उरले असताना पैशाचं गणित कोसळलं आणि विद्यापीठ मागे सरलं. तेव्हा इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिलनं ती स्पर्धा अंगावर घेतली. १९४८ साली डॉ. लुडविग गुटमान यांनी जिथे १६ जखमी सैनिकांना घेऊन पहिली स्पर्धा भरवली, तेच हे रुग्णालयाचं गाव. १९८८ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलनं दोन्ही स्पर्धांना तीच मैदानं दिली. ऑलिम्पिक घेणाऱ्या शहरानं पॅरालिम्पिकही घ्यायचं, असा ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक या दोन्हींच्या आंतरराष्ट्रीय समित्यांचा करार व्हायला मात्र २००१ साल उजाडलं.

मला यातून एक गोष्ट दिसते. मोठी, श्रीमंत, तयारीची शहरं मागे हटली तेव्हा आकारानं लहान गावं पुढे आली. म्हणून जळगावात, धुळ्यात, नंदुरबारात अशा स्पर्धांच्या यजमानपदाचा विषय काढताना मला जराही संकोच वाटत नाही.

आता जपानचं ऐका. १९६४ ला टोकियोत पॅरालिम्पिक झालं. यजमान संघात ५३ खेळाडू होते आणि त्यातले बहुतेक रुग्णालयांतून, आश्रमशाळेसारख्या संस्थांमधून आणलेले होते. स्पर्धा संपली की परत तिथेच जायचे. युरोपातून आलेले खेळाडू संध्याकाळी बाजारात जात, आपल्या नोकरीबद्दल, बायकामुलांबद्दल बोलत. हा फरक संघाचे प्रमुख डॉ. युताका नाकामुरा यांच्या जिव्हारी लागला. हे स्वतः शल्यचिकित्सक, गुटमान यांच्याकडे जाऊन शिकून आलेले. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, त्यांनी बेप्पू या गावी अपंगांसाठी कामाची जागा उभी केली. दान नको, संधी द्या, हे तिचं ब्रीद. बेप्पू हे टोकियोपासून दूर, क्युशू बेटावरचं, आपल्या अडावदजवळच्या उनपदेवसारख्या गरम झऱ्यांचं गाव. १९७२ मध्ये ओमरॉन या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीनं तिथे भागीदारीत कारखाना काढला, पुढे सोनी आली, होंडा आली. १९७५ मध्ये बेप्पू ज्या प्रांतात येतं त्या ओइतामध्ये आशिया-पॅसिफिकमधल्या अपंग खेळाडूंची पहिली स्पर्धा झाली. आजच्या आशियाई पॅरा स्पर्धांचं मूळ तेच. १९८१ पासून तिथे चाकाच्या खुर्च्यांची मॅरेथॉन होते आहे.

टोकियोतल्या समारंभानं जपानला जे दिलं, त्याहून कितीतरी अधिक बेप्पूनं दिलं असं माझं मत आहे. पाहुण्यांना पाहून ज्या यजमानाला आपल्याच घरातल्या माणसाची आठवण होते, त्याचंच यजमानपद पुढे टिकतं.

यजमानाला नेमकं काय करावं लागतं ते जरा जवळून बघू. बसून गोळा किंवा थाळी फेकणारा खेळाडू लोखंडी चौकटीच्या आसनावर बसतो. उशीसकट या आसनाची उंची जास्तीत जास्त ७५ सेंटिमीटर. ते जमिनीला पट्ट्यांनी आवळून बांधतात, कारण फेकताना चौकट थोडी जरी हलली तरी सगळा जोर वाया जातो. प्रत्येक खेळाडूचं आसन वेगळं, म्हणजे दरवेळी आधीचं सोडायचं आणि नवं बांधायचं. हे काम स्वयंसेवक करतात. त्यांना पट्टा कसा ताणायचा, खेळाडूला विचारल्याशिवाय त्याच्या खुर्चीला हात लावायचा नाही, हे सगळं आधी शिकवावं लागतं. वेळापत्रक आखणाऱ्यानं ही मिनिटं धरली नाहीत तर रात्री दहाला दिवे लावून स्पर्धा संपवावी लागते.

पूर्ण अंध धावपटू डोळ्यांवर पट्टी लावून, सोबत्याच्या हाताशी दोरीनं जोडून धावतो. त्या जोडीला दोन लेन लागतात, म्हणजे आठ लेनच्या ट्रॅकवर एका वेळी चारच धावपटू. लांब उडीत तर सोबती खड्ड्यापाशी उभा राहून टाळ्या वाजवत, हाका मारत दिशा देतो. त्या वेळी सगळ्या स्टेडियमनं गप्प राहायचं असतं. आपण खान्देशातले लोक कुस्तीच्या दंगलीला जाणारे. ढोल आणि आरोळ्या नसतील तर आपल्याला खेळ बघितल्यासारखं वाटत नाही. पण हजारो माणसं एका खेळाडूसाठी श्वास रोखून बसतात आणि पाय वाळूत टेकल्यावर एकदम ओरडतात, ही गोष्ट आपल्या पोरांनी एकदा तरी अनुभवावी असं मला फार वाटतं. प्रेक्षक हाही यजमानच. लंडनला २०१२ मध्ये पॅरालिम्पिकची २७ लाखांच्या वर तिकिटं विकली गेली, म्हणजे लोक पैसे मोजून बघायला आले होते.

उन्हाचं बोलायलाच हवं. मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो. मणक्याला वरच्या बाजूला इजा झालेल्या माणसाला इजेच्या खालच्या भागात घाम नीट येत नाही. त्याचं शरीर तापत जातं आणि थंड होण्याचा रस्ताच बंद असतो. असे खेळाडू अंगावर पाण्याचा फवारा मारून घेतात, बर्फ लावतात. आपल्याकडे अशी स्पर्धा भरवायची तर मार्गशीर्ष-पौषात, सकाळच्या वेळी, आणि मैदानाच्या कडेला सावली हवीच.

आणि संडास. मी क्रीडाशिक्षक आहे, चाकाच्या खुर्चीवरच्या मुलामुलींना घेऊन स्पर्धांना जातो. माझी एक विद्यार्थिनी गोळाफेकीत चांगली आहे. स्पर्धेच्या आदल्या रात्रीपासून ती पाणी प्यायची बंद होते. मैदानावरच्या संडासाच्या दारातून खुर्ची आत जाईल की नाही याची तिला खात्री नसते. नळीनं लघवी काढावी लागणाऱ्या माणसाला स्वच्छ, बंद, हात धुता येईल अशी जागा लागते. नाहीतर संसर्ग ठरलेला. एवढी मेहनत घेतलेली पोरगी कोरड्या घशानं मैदानात उतरते, हे बघताना माझा जीव तुटतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ३० खेळांसाठीच आहे. कलम ४५ प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम व्हायला हव्या होत्या. नियम २०१७ चे. मुदत कधीच उलटून गेली.

मोठ्या यजमानांकडूनही राहून जातं. पॅरिसची मेट्रो शंभर वर्षांहून जुनी. २०२४ च्या पॅरालिम्पिकच्या वेळी चाकाच्या खुर्चीला पूर्ण सोयीची लाईन एकच, चौदावी. दिल्लीत २०२५ मध्ये जागतिक पॅरा ॲथलेटिक्स स्पर्धा प्रथमच भारतात झाली. भारतानं २२ पदकं मिळवली, ट्रॅक उत्तम होता, पण स्टेडियमच्या आवारात भटकी कुत्री दोन परदेशी प्रशिक्षकांना चावली. जगभर बातमी त्याचीही झाली.

आणखी एक जागा आहे जी टीव्हीवर दिसत नाही. १९८८ च्या सोलपासून पॅरालिम्पिकच्या क्रीडाग्रामात ऑटोबॉक ही जर्मन कंपनी दुरुस्तीची कार्यशाळा चालवते. वाकलेलं चाक, तुटलेली चौकट, सैल झालेला कृत्रिम पाय, कुठल्याही देशाचा खेळाडू असो, तिथे दुरुस्त करून मिळतं. आपल्याकडे शिबिरात तीनचाकी वाटतात, हार-तुरे होतात, फोटो निघतात. सहा महिन्यांनी चेन तुटते, छर्रे जातात, आणि ती सायकल गोठ्यात कडबा टेकवायला उरते. पण आपल्या प्रत्येक बाजारगावात सायकलचं दुकान आहे. चाकाचा आऊट काढणं, एक्सल बदलणं, स्पोक बसवणं त्या दुकानदाराला डोळे मिटून येतं. त्याला दोन दिवस खुर्चीची रचना दाखवली, तर धडगावच्या माणसाला दुरुस्तीसाठी नाशिक गाठावं लागणार नाही. मला विचाराल तर खान्देशातल्या यजमानपदाचा पहिला खर्च यावर व्हावा.

आता २०३०. राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहेत. राष्ट्रकुलची खासियत अशी की तिथे पॅरा खेळाडूंची वेगळी स्पर्धा नसते. २००२ च्या मँचेस्टरपासून त्यांची पदकं देशाच्या त्याच पदकतक्त्यात मोजली जातात. जळगावहून नवजीवन एक्स्प्रेसनं नंदुरबार, सुरत करत थेट अहमदाबाद. मुंबईकरांइतकेच आपणही तिथले शेजारी. पण अमळनेरच्या फलाटावर चाकाच्या खुर्चीवरचा मुलगा उभा असेल, तर त्याचा डबा बहुधा गाडीच्या टोकाला, दाराला पायऱ्या, आणि गाडी थांबणार जेमतेम दोन-तीन मिनिटं. शेवटी दोन हमाल आणि बाप मिळून त्याला पोत्यासारखं उचलतात. उचलता येणारा फळीचा उतार स्टेशनात ठेवायला स्टेडियम बांधण्याएवढे पैसे लागत नाहीत. ही मागणी आपण आत्ताच लेखी द्यायला हवी.

पाहुणचार आपल्याला नवा नाही. अमळनेरनं १९५२ आणि २०२४ असं दोनदा अखिल भारतीय साहित्य संमेलन घेतलं. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला कुठून कुठून माणसं येतात. "या, बठा" म्हणायला आपण कोणाकडून शिकलेलो नाही. माझं मागणं साधं आहे. २०३० च्या आधी खान्देशातल्या तिन्ही जिल्ह्यांची मिळून बैठ्या व्हॉलीबॉलची स्पर्धा घेऊ. मैदान १० मीटर बाय ६ मीटर, जाळी पुरुषांना १.१५ मीटर आणि महिलांना १.०५ मीटर. व्हॉलीबॉल तर आपल्या गावागावात आहे. यात खुर्चीही लागत नाही, बसूनच सरकायचं असतं. शाळेचा फरसबंद हॉल पुरतो. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनीही सरावाला बसावं. पहिल्या दहा मिनिटांत मांड्या भरून येतात आणि समोरचा खेळाडू काय ताकदीचा आहे ते आपोआप कळतं.

त्याआधी मैदानं, हॉल आणि संडास मोजायला हवेत. दाराची रुंदी, उंबरठ्याची उंची, उताराचा चढ, नळ कुठे आहे, कडी आतून लागते का. दर १ फूट उंचीला १२ फूट लांबीचा उतार हा हिशेब लक्षात ठेवा. ज्यांना या कामात यायचं आहे त्यांनी जाताना दाराशी ठेवलेल्या वहीत नाव आणि तालुका लिहावा. मोजायला जाताना खुर्ची वापरणारा एक तरी माणूस प्रत्येक गटात असेल. तोच गटाचा प्रमुख. मोजपट्टी आम्ही देऊ.