ऑनलाइन वर्गात समाधान कशाने मिळते?

रात्री उशिरा एक विद्यार्थिनी आपला गृहपाठ अपलोड करते. पडद्यावर ‘सादर झाले’ एवढेच उमटते आणि पुढचे तीन आठवडे त्याखाली काहीही येत नाही. आपण लिहिलेले कोणी वाचले की नाही, हेच तिला कळत नाही. ऑनलाइन शिक्षणाबद्दलची नाराजी पुष्कळदा अशा शांततेतून वाढत जाते.

नेट तुटणे, आवाज अडकणे, हव्या त्या धड्यापर्यंत पोहोचताना दमछाक होणे, या अडचणी खऱ्याच आहेत. पण त्या दूर झाल्या की फक्त तक्रार थांबते, समाधान मिळतेच असे नाही. शिक्षणतज्ज्ञ मायकेल मूर यांनी 1989 मध्ये दूरशिक्षणातील संवादाचे तीन प्रकार सांगितले: विद्यार्थ्याचा अभ्यासविषयाशी, शिक्षकांशी आणि इतर विद्यार्थ्यांशी होणारा संवाद. दूरशिक्षणातले खरे अंतर भौगोलिक नसून ते समजुतीचे आणि संवादाचे असते, अशी त्यांची मांडणी होती. ते अंतर कमी करण्यात शिक्षकांचा वाटा सर्वांत मोठा आहे, असे आम्हाला वाटते. ‘तुमचा मुद्दा पटला, पण दुसऱ्या परिच्छेदात पुरावा कमी पडतो,’ ही एका ओळीची वेळेवर आलेली टिप्पणी विद्यार्थ्याला पुढचा गृहपाठ लिहायला बसवते.

व्हिडिओंच्या बाबतीतही हेच दिसते. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावर व्हिडिओ पाहिल्याच्या सुमारे 69 लाख सत्रांचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात छोटे व्हिडिओ अधिक लक्ष देऊन पाहिले गेल्याचे आढळले. शिवाय खर्चिक स्टुडिओतल्या चित्रीकरणापेक्षा, शिक्षक आपल्याशीच बोलत आहेत असे वाटणारे साधे चित्रीकरणही विद्यार्थ्यांना अधिक धरून ठेवू शकते, असे दिसले.

मात्र समाधान म्हणजे शिकणे नव्हे. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या प्रत्यक्ष वर्गांवर 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्वतः गणिते सोडवत शिकलेल्या विद्यार्थ्यांनी नुसते व्याख्यान ऐकणाऱ्यांपेक्षा चाचणीत अधिक गुण मिळवले, तरीही आपण कमी शिकलो असेच त्यांना वाटले, कारण डोक्याला ताण देऊन शिकणे सुखाचे नसते. त्यामुळे अभ्यासक्रम संपताना भरून घेतल्या जाणाऱ्या अभिप्रायात ‘तुम्ही समाधानी आहात का?’ या प्रश्नाशेजारी, ‘पूर्वी न जमणारी कोणती गोष्ट आता तुम्हाला कोणाच्याही मदतीशिवाय जमते?’ हाही प्रश्न असायला हवा.