ओमाहाचा निळा ठिपका

मंडळी, अमेरिकेची निवडणूक टीव्हीवर बघताना आपल्याला तो नकाशा दिसतो ना, एक राज्य लाल म्हणजे रिपब्लिकन पक्षाचं तर शेजारचं निळं म्हणजे डेमोक्रॅट पक्षाचं, तिथूनच सुरुवात करू. अध्यक्ष ठरतो तो राज्यांना वाटून दिलेल्या 538 इलेक्टोरल मतांवर, जिंकायला 270 लागतात. टेक्ससमध्ये कोणी एका मताने जरी पुढे गेला तरी तिथली 40 च्या 40 इलेक्टोरल मतं त्याची, हरलेल्याला लाखो लोकांनी मत दिलेलं असलं तरी पदरात काहीच नाही. सगळीकडे असंच चालतं, फक्त मेन आणि नेब्रास्का सोडून.

तिथला हिशोब आपल्याला लगेच कळेल, कारण आपण लोकसभेला मतदारसंघच मोजतो. राज्याचे खालच्या सभागृहातले खासदार जितके, त्यात दोन सिनेटर मिळवायचे, तेवढी इलेक्टोरल मतं. नेब्रास्काची 5, मेनची 4. त्यातली दोन राज्यात जो पहिला येईल त्याला आणि बाकीची मतदारसंघ जिंकेल त्याला, प्रत्येकी एक. मतं कशी वाटायची हे घटनेने राज्याच्या विधिमंडळावर सोडलंय, म्हणून मेनने 1969 ला साधा कायदा केला आणि झालं, नेब्रास्कात 1992 पासून.

आता ओमाहा. नेब्रास्का म्हणजे रिपब्लिकनांचा गड, पण ओमाहा शहराचा दुसरा मतदारसंघ वेगळा वागतो. 2008 ला तिथलं एक मत ओबामांना गेलं. 2024 ला तर घरांसमोरच्या अंगणात पांढऱ्या पाट्या लागल्या, मधे फक्त एक निळा गोल, ना नाव ना घोषणा. पहिली पाटी एका नवरा-बायकोने घरीच स्प्रे मारून केली होती. मला ती पाटी फार आवडते, कारण लाल राज्यात राहणारा माणूस सांगतोय की मीसुद्धा इथे आहे, मलाही मोजा.

आणि ते एक मत किती जड होतं बघा. 2024 च्या डेमोक्रॅट उमेदवार कमला हॅरिस पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन जिंकल्या असत्या आणि बाकी अटीतटीची राज्यं हरल्या असत्या, तर ओमाहासकट बरोबर 270, ओमाहा नसतं तर 269-269 अशी बरोबरी. म्हणून सप्टेंबरमध्ये रिपब्लिकन सिनेटर लिंडसे ग्रॅहम स्वतः नेब्रास्कात गेले, कायदा बदला आणि सगळी मतं राज्य जिंकणाऱ्याला द्या म्हणून. नेब्रास्काच्या 49 जणांच्या विधिमंडळात 33 मतं लागत होती, आणि तिथले सदस्य माइक मॅकडॉनेल, जे त्याच वर्षी डेमोक्रॅट सोडून रिपब्लिकन झाले होते, त्यांनी निवडणुकीच्या तोंडावर हे नको म्हणून नकार दिला. तिथेच विषय थांबला. हॅरिस ओमाहा जिंकल्या, देश हरल्या.

मग सगळ्या राज्यांनी हेच करावं का? लोक मला हमखास विचारतात आणि मी ठामपणे नाही म्हणतो. मतदारसंघाच्या रेघा ओढतं कोण, बहुतेक राज्यांत तिथले राजकारणीच. 2008 नंतर ओमाहाच्या मतदारसंघातून बेलव्ह्यू या उपनगराचा भाग बाहेर काढला, शेजारचा रिपब्लिकनांकडे झुकणारा पट्टा आत घेतला, आणि 2012 ला तिथे रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी जिंकले. त्याच 2012 चा आकडा घ्या, ओबामा देशभरात जवळजवळ 50 लाख मतांनी पुढे होते, तरी रॉम्नींनी 226 मतदारसंघ आणि 24 राज्यं जिंकली होती. नेब्रास्काच्या पद्धतीने सगळीकडे मोजलं असतं तर 226 अधिक 24 राज्यांची दोन-दोन म्हणजे 48, एकूण 274. अध्यक्ष रॉम्नी झाले असते.