रंकाळा दिसणारी खोली

नमस्कार श्रोतेहो. दवाखान्याचं बिल विमा कंपनी कुठल्या हिशोबानं देते, हे सांगायचं तर मला आमच्या मामांपासूनच सुरुवात करावी लागेल.

मामा मार्केट यार्डात गुळाचे अडते. सगळा जन्म सौद्यांत गेला. मामांचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. विमा 3 लाखांचा. पॉलिसीत लिहिलेलं, खोलीभाडं रोज विमा रकमेच्या 1 टक्का, म्हणजे 3 हजार. मामांनी खोली घेतली 6 हजारांची. का, तर खिडकीतून रंकाळा दिसतोय!

मामी म्हणाल्या, "अहो, परवडंल का?"

"वरचे तीन हजार मी भरतो की. पाच दिवसांचे पंधरा. त्यात काय एवढं?"

डिस्चार्जच्या दिवशी कागद हातात आला. बिल 1 लाख 30 हजार, मंजूर 75 हजार. मामा बाकड्यावर बसले ते उठेनात. "पंधराचे पंचावन्न कसे झाले रे?"

आता नीट ऐका. खोली महाग घेतली की त्याच डॉक्टरची फी, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर, सगळ्याचा दर वर चढतो. म्हणून खोली दुप्पट, तर कंपनी हे खर्चही निम्मेच देते. मामांचं खोलीभाडं 30 हजार, मिळाले 15. डॉक्टर, नर्सिंग, थिएटर मिळून 80, मिळाले 40. औषधं आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही, ते 20 हजार पूर्ण मिळाले. पुन्हा सांगतो, कात्री नुसत्या खोलीला नाही, खोलीबरोबर चढणाऱ्या सगळ्या खर्चाला लागते.

बाकी, नेटवर्कमधल्या, म्हणजे कंपनीशी करार असलेल्या दवाखान्यांशी कंपनीनं ऑपरेशनवार पॅकेजचे दर आधीच ठरवलेले असतात. शहर कुठलं, खाटा किती, कंपनीकडून पेशंट किती येणार, यावर घासाघीस होते. नेटवर्कबाहेर गेलात, तर त्या भागात तशा उपचाराला साधारण जेवढं पडतं तेवढंच वाजवी धरतात.

मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे सौदा कवाच झालता, आणि मी माल घरी नेऊन भाव विचारतोय!"

नूतनीकरणाला त्यांनी खोलीची मर्यादा नसलेली पॉलिसी घेतली. हप्ता जास्त बसतो, त्यावर मामी अजून कुरकुरतात. वेळ संपली, नमस्कार.