चौकी सोपवायची म्हणजे काय काय सोपवायचं?

मित्रहो, फौज आणि पोलीस यांतला फरक नाशिककरांना समजावून सांगायची गरज नाही. देवळालीला तोफखान्याचं स्कूल आहे, त्र्यंबक रोडला पोलीस अकादमी आहे, आणि दोन्हीकडच्या पोरांचा दिवस किती वेगळा जातो हे इथल्या रिक्षावाल्यालाही ठाऊक आहे. तरी अफगाणिस्तान, इराकसारख्या परक्या मुलखात शिरलेल्या बलाढ्य सैन्यांनी राखण स्थानिक फौजेला आणि पोलिसांना सोपवून तिथून पाय काढताना हीच गल्लत केली. पोलिसाला नाक्यावर सैनिकासारखं लढायला बसवलं आणि गावातली चोरी, मारामारी, जमिनीचा तंटा बघायला कोणी उरलं नाही. ते तंटे मग तालिबानचे काझी सोडवू लागले. काबूलच्या पोलीस अकादमीत जर्मनांनी अधिकाऱ्यांसाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रम लावला होता. अमेरिकेला शिपाई लवकर हवे होते, म्हणून त्यांचं प्रशिक्षण काही आठवड्यांवर आलं. आपल्याकडे फौजदार घडवायला साधारण वर्ष लागतं, आणि तेही चालू कोर्टं, चालू तुरुंग आणि वाचता येणारा समाज हाताशी असताना.

बंदूक चालवायला शिकवणं हा या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग. २००२ नंतर काबूलच्या प्रशिक्षण केंद्रात रंगरूट आठ-दहा आठवड्यांत तयार होत असे: कवायत, नेमबाजी, गस्त, प्रथमोपचार. तेवढ्यात शिपाई उभा राहतो. हवालदार उभा राहत नाही, त्याला पाच-सहा वर्षं लागतात. गोळीबार सुरू झाला की दहा जणांना जागेवर कोण धरून ठेवतो? हवालदार. शिपायाच्या तोंडात पोळी आधी गेली का, हे कोण बघतो? तोच. नवी फौज उभारताना आकडा शिपायांचा जाहीर होतो आणि कणा कच्चा राहतो. अफगाणिस्तानात लक्ष्य होतं ३,५२,००० माणसांचं. त्यात सैन्य १,९५,०००, बाकी पोलीस. दर महिन्याला शेकडा दोन-तीन माणसं गळत होती. वर्षाचा हिशेब केलात तर चौथा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त नव्याने भरायचा. म्हणजे प्रशिक्षण केंद्राची निम्मीअधिक ताकद भोक बुजवण्यातच जाते.

आता एक चौकी जवळून पाहू. रस्त्यावर अडथळा, मागे मातीच्या पोत्यांची भिंत, वर मशीनगन. एका वेळी सहा माणसं लागतात: अडथळ्यावर दोघं, झडतीला एक, छतावर एक, वायरलेसवर एक आणि त्यांचा म्होरक्या. तीन पाळ्यांचे झाले अठरा. घर लांब असलेला माणूस महिन्या-दोन महिन्यांनी रजेवर जाणार, एखाद-दुसरा आजारी, दोघं रेशन आणायला गेलेले. म्हणून पटावर सत्तावीस-अठ्ठावीस नावं हवीत. प्रत्यक्षात बारा असले तर बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या लागतात, आणि तिसऱ्या आठवड्यात पहाटे तीन वाजता छतावरचा माणूस झोपलेला सापडतो. उन्हाळ्यात पिणं, स्वयंपाक, हातपाय धुणं मिळून माणशी दहा लिटर पाणी धरा. वीस जणांना रोज दोनशे लिटर. हजार लिटरची टाकी पाच दिवसांत रिकामी, आणि टँकरचा रस्ता सुरुंगांचा. रायफलवाल्याकडे तीस गोळ्यांची सात मॅगझिन असली तर नेटाने लढल्यास ती तासाभरात संपतात. वायरलेसला दोन बॅटऱ्या लागतात, एक चालू आणि एक चार्जिंगला. दुसरी नसेल तर मदत मागायचा क्षण येतो तेव्हाच सेट मुका असतो. परकी फौज शेजारी असते तेव्हा टँकर, बॅटरी, गोळ्या, जखमींना उचलणारं हेलिकॉप्टर हे सगळं न मागता मिळत राहतं. सोपवण्याच्या यादीत ते कोणी लिहीतच नाही.

पगाराचं तर वेगळंच. पगार रोखीने वरून खाली येतो आणि प्रत्येक पायरीवर थोडा झिजतो. अफगाण पोलिसांना मोबाइलवरून पगार देण्याचा प्रयोग वर्दक प्रांतात २००९ च्या सुमारास झाला, तेव्हा शिपायांना वाटलं की आपल्याला पगारवाढ मिळाली. वाढ वगैरे काही नव्हती, पहिल्यांदा पूर्ण रक्कम हातात पडली होती. दुसरा रोग पटावरच्या भुतांचा. इराकमध्ये जून २०१४ मध्ये मोसूल पडलं. त्याच वर्षअखेरीस पंतप्रधान अल-अबादींनी सांगितलं, फक्त चार डिव्हिजनच्या पटावर पन्नास हजार माणसं कागदोपत्रीच आहेत. त्यांचे पगार वरचे अधिकारी खात होते. नकाशावर जिथे बटालियन दाखवली होती तिथे शत्रू आला तेव्हा दोन-तीन कंपन्याच, म्हणजे बटालियनच्या छोट्या तुकड्याच होत्या. एवढ्यावर शिपाई पळाला तर त्याला भेकड म्हणणं सोपं आहे. शेजारचा खंदक रिकामा आहे हे त्याला दिसत होतं, आपल्याला नव्हतं.

साठ्याचं काम अक्षरओळखीवर अडतं. २००९ मध्ये अफगाण भरतीत वाचता येणारे शंभरात जेमतेम चौदा होते. रायफलवरचा क्रमांक वाचता येत नाही म्हणून ती कोणाची हे कळत नाही, हरवली तर नोंद होत नाही. त्यावर अमेरिकन पद्धतीचे मागणीपत्रक लादलं, ‘एमओडी-१४’. एका ट्रकच्या टायरसाठी सह्यांवर सह्या. कागद परत यायचा किंवा यायचाच नाही. मग कमांडर काय करतो? मिळेल ते डिझेल, मिळतील त्या गोळ्या कोठारात दाबून ठेवतो आणि खालच्यांना देत नाही. सल्लागार याला साठेबाजी म्हणायचे. मागितलेलं कधीच मिळत नसेल तर कोणताही शहाणा माणूस हेच करेल.

यंत्रांचीही तीच कथा. रशियन बनावटीची एमआय-१७ हेलिकॉप्टर अफगाण मेकॅनिक बऱ्याच अंशी स्वतः सांभाळत. ती हटवून अमेरिकन ब्लॅक हॉक द्यायचं ठरलं. त्यांची देखभाल जवळजवळ पूर्णपणे परदेशी कंत्राटदारांकडे होती.

सल्लागारांबद्दल थोडक्यात. इराकमध्ये एका बटालियनमागे साधारण अकरा जणांची टोळी असे. ती वर्षभरात बदलायची, म्हणजे ओळख पटेपर्यंत नवी माणसं हजर. अफगाणिस्तानात २०१२ मध्ये ज्यांना शिकवलं त्यांच्याच गोळ्यांनी साठाहून अधिक परदेशी सैनिक मेले, आणि मग वर्गातही भरल्या बंदुकीचा पहारेकरी उभा राहू लागला. पलटणींना क्षमतेचे शेरे देणारेही हेच सल्लागार. आपण घडवलेल्या पलटणीला नापास करणारा मास्तर विरळाच. शेरा द्यायचाच तर पद्धत साधी आहे: तुम्ही शेजारीच असताना तीस दिवस तुमचं डिझेल, तुमचं हेलिकॉप्टर, तुमचा वायरलेस बंद ठेवा आणि काय बंद पडतं ते लिहून काढा. महिन्याअखेर ती वही म्हणजे खरा अभ्यासक्रम. असं करायला धीर लागतो, कारण त्या महिन्यात माणसं मरू शकतात आणि जबाबदारी तुमची असते.

आपल्या परिसरात हे दोनशे वर्षांपूर्वी घडलं आहे. १८१८ नंतर इंग्रजांनी खानदेशातल्या भिल्लांवर फौजा पाठवल्या. डोंगरात त्या थकल्या, हिवतापाने झिजल्या. १८२५ मध्ये धोरण बदललं. नाईकांना माफी व तनखे, शेतीला जमीन व तगाई, आणि जोडीला धरणगावला जेम्स औट्रमने उभी केलेली भिल्ल पलटण. औट्रम तेव्हा बावीस वर्षांचा होता. पलटण टिकली याचं निम्मं श्रेय जमीन आणि तगाईला आहे.

पण हीच गोष्ट उलटही फिरते. १८५७ च्या ऑक्टोबरात सिन्नरजवळ नांदूरशिंगोट्याला पोलीस अधिकारी लेफ्टनंट हेन्री मारला गेला. समोर होता भागोजी नाईक, एकेकाळी अहमदनगर पोलिसांतलाच माणूस. पद्धती, वाटा, अधिकाऱ्यांच्या सवयी सगळं त्याला तोंडपाठ होतं. त्यानंतर कॅप्टन नटॉलने महादेव कोळ्यांची तुकडी उभारली. तिला तंबू नाहीत, सामानाचे बैल नाहीत. हलकी बंदूक, पायात वहाणा, सगळा संसार पाठीवरच्या पिशवीत. सह्याद्रीला साजेशी ती तुकडी होती आणि तिचा खर्च इथला मुलूख पेलू शकत होता. अर्थात दोन्ही ठिकाणी इंग्रज राहणार होते, पगार येत राहणार होता. ते सोपवून निघालेले नव्हते, म्हणून हा दाखला अर्ध्यापर्यंतच ताणावा.

निघालेल्यांचा दाखला आपल्याच फौजेचा आहे, आणि आपण तो फारसा काढत नाही. १९८७ च्या करारानुसार शांतिसेना श्रीलंकेत गेली, आणि परततानाच्या दिवसांत ईशान्य प्रांताच्या सरकारसाठी घाईघाईने तमिळ नॅशनल आर्मी उभी राहिली. त्यात जबरदस्तीने पकडून आणलेली शाळकरी पोरं होती. मार्च १९९० मध्ये शेवटची भारतीय तुकडी निघाली. ती सेना एलटीटीईपुढे, म्हणजे तमिळ वाघांपुढे, तग धरू शकली नाही. धरून आणलेला पोरगा बंदूक धरतो ती पळायची संधी मिळेपर्यंतच.

सोव्हिएत पाठिंब्यावरचा अफगाण राष्ट्राध्यक्ष नजीबुल्ला, त्याचं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सोव्हिएत फौज १५ फेब्रुवारी १९८९ ला अफगाणिस्तानातून बाहेर पडली. सगळ्यांनी सरकारला काही महिनेच दिले होते. पण त्याच्या सैन्याने त्याच वर्षी जलालाबाद राखलं आणि सरकार एप्रिल १९९२ पर्यंत टिकलं. इंधन, धान्य, नोटा येत होत्या तोवर दोस्तमसारखे टोळीवालेही निष्ठावान होते. १९९१ च्या अखेरीस सोव्हिएत संघच गेला, पुरवठा आटला आणि दोस्तम फिरला.

श्रोत्यांतून प्रश्न आला, किती वर्षं लागतात? शिपायाला दहा आठवडे, हवालदाराला पाच-सहा वर्षं, बटालियनच्या कमांडरला पंधरा. कोठार आणि पगारपत्रक स्वतः चालवणाऱ्या मंत्रालयाला त्याहून जास्त. निघायची तारीख आधी जाहीर केली तर मुदत आणखी वाढते, कारण चौकीवरचा प्रत्येक जण त्या तारखेनंतर शेजारच्या गावात सत्ता कोणाची असेल याचा हिशेब करू लागतो आणि त्याप्रमाणे आधीच निरोप पाठवून ठेवतो. अमेरिका आणि तालिबान यांच्यातल्या फेब्रुवारी २०२० च्या दोहा करारानंतर अफगाणिस्तानात नेमकं हेच झालं.

आणि आधी कोण निघावं, हाही प्रश्न होता. लढणाऱ्या तुकड्या आधी, दुरुस्तीवाले सर्वांत शेवटी. २०२१ मध्ये कंत्राटी मेकॅनिक फौजेबरोबरच निघाले आणि विमानं एकेक करत जमिनीला टेकली. जुलैच्या सुरुवातीला बगराम हा अमेरिकनांचा मोठा हवाई तळ रात्रीत रिकामा झाला. अफगाण कमांडरला ते काही तासांनी कळलं आणि त्याची माणसं पोचण्याआधी लुटारू आत शिरले होते. किल्ल्या, जनित्राची माहिती, कोठाराची यादी हे हातोहात द्यायला एक अधिकारी आणि दोन कारकून मागे ठेवले असते तरी पुरलं असतं.