पेढ्यांनंतरची पंधरा वर्षं

नमस्कार श्रोतेहो. उणे बारा, उणे चौदा असा नंबर असलेल्या डोळ्यांत सहसा लेसर चालत नाही. मग मूळचं भिंग तसंच ठेवून आत आणखी एक भिंग बसवतात. दुसऱ्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ दिसतं, घरात पेढे वाटले जातात. मला बोलायचंय ते त्या पेढ्यांनंतरच्या दहा-पंधरा वर्षांबद्दल.

कॉर्निया, म्हणजे डोळ्याची पुढची काच. तिच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. तो पाणी सतत बाहेर खेचतो, म्हणून काच स्वच्छ राहते. तरुणपणी एका चौरस मिलिमीटरमध्ये साधारण 2,500 ते 3,000 पेशी असतात. त्या गेल्या की परत येत नाहीत. पुन्हा सांगतो, परत येत नाहीत.

आमच्याकडे एक शिक्षिका आल्या होत्या. आल्या म्हणजे त्यांच्या आईनं आणल्या. "डॉक्टर, मला लख्ख दिसतंय, आईचं आपलं काहीतरी," असं त्या म्हणत होत्या. बारा वर्षांपूर्वी, लग्नाआधी, बुबुळाच्या रंगीत पडद्यावर चिमट्यासारखं बसणारं भिंग घातलेलं. स्थळं चष्म्यावरून परत जात होती ना! चष्म्यावरून मुलगी नाकारणाऱ्या घरात मुलगी देऊच नये, हे माझं ठाम मत आहे. असो. पेशी मोजल्या, तर 1,650. हा आकडा नुसता पाहिला तर कुणी म्हणेल, चालतंय. पण आईनं पिशवीतून प्लॅस्टिकची पुडी काढली. त्यात रेशनकार्ड, विम्याच्या पावत्या आणि ऑपरेशनआधीचा पेशींचा कागद! त्यावर 2,800. वयानं वर्षाला अर्धा-पाऊण टक्का पेशी जातातच, म्हणजे 2,600 च्या आसपास उरायला हव्या होत्या. बाईंना डोळे चोळायची सवय, त्यात वयानुसार मूळचं भिंग जाड होत गेलेलं, पुढची जागा कमी झालेली, त्यामुळे बसवलेलं भिंग कॉर्नियाच्या आणखी जवळ गेलेलं. ते बसवलेलं भिंग आम्ही काढलं. 500-700 पर्यंत थांबलो असतो, तर काच सुजून धुरकट झाली असती आणि कुणाच्या तरी नेत्रदानाची वाट पाहावी लागली असती. बाई आता चष्मा लावून वर्गात उभ्या राहतात, आणि तो कागद मात्र आईच्याच पुडीत असतो.

लख्ख दिसतं म्हणजे पेशी शाबूत आहेत, असं नाही. नजर शेवटपर्यंत चांगली राहते, हीच यातली फसवणूक. बुबुळाच्या रंगीत पडद्यामागे बसणारं मऊ भिंग कॉर्नियापासून लांब असतं, तिथे हा धोका कमी. पण मोतीबिंदू आणि डोळ्याचा दाब बघावा लागतो. आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनातही काही पेशी खर्ची पडतात, तेव्हा शिल्लक हवीच.

म्हणून भिंगाचं नाव, तारीख आणि पहिला आकडा घरात जपून ठेवा. वर्षातून एकदा पेशी मोजून घ्या. डोळे चोळू नका. या तपासणीत सुई नाही, दुखणं नाही. यंत्रासमोर हनुवटी टेकवायची, की फोटो निघतो.