तान्ह्या पोळ्यातला फुरफुरणारा बैल

नमस्कार श्रोतेहो. गाडी दाबलेल्या हवेवर चालवावी की सीएनजी गॅसवर, हा आजचा विषय. पण सुरुवात मी गाडीपासून करणार नाही, बैलापासून करणार आहे. लाकडी बैलापासून.

माझ्या मामाजींचं वाडीला, अमरावती रोडवर टायरचं दुकान होतं. सगळा ट्रकवाल्यांचा राबता, त्यामुळे कॉम्प्रेसर दिवसभर धडधडत असायचा. एका वर्षी तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवून आणतात त्या सणाला, आठवडा असताना मामाजी जेवता जेवता म्हणाले, "यंदा आपला बैल कोणी ओढायचा नाही. तो आपला आपण चालन." मामी म्हणाल्या, "काहीतरीच बाप्पा!" पण मामाजी कामाला लागले होते.

बैल आमच्या आजोबांच्या वेळचा, सागवानी, चांगला कमरेइतका उंच. त्याच्यामागे मामाजींनी लाकडी छकडा जोडला आणि छकड्यात जुन्या ट्रकच्या ब्रेकची हवेची टाकी बसवली. नटबोल्ट खोलायची हवेची गन असते ना, ती उघडून तिच्यातली फिरकी काढली. सायकलची चेन लावून ती छकड्याच्या चाकाला जोडली. आणि वापरून झालेली हवा बाहेर सोडायची नळी कुठे नेली असेल? बैलाच्या पोटाखालून थेट नाकपुड्यांत!

तान्ह्या पोळ्याची संध्याकाळ. पावसाची सर नुकतीच येऊन गेलेली, हवा दमट. मारुतीच्या देवळासमोर गल्लीतले सगळे पोट्टे आपापले बैल सजवून उभे. मामाजींनी टाकीत आठ किलो दाबाची हवा भरून आणली होती. त्यांनी कॉक उघडला. फुर्र! बैलाच्या दोन्ही नाकपुड्यांतून पांढरी वाफ निघाली आणि बैल चालू लागला. खरंच चालू लागला! पोट्टे ओरडले, "अबे, फुरफुरून राहिला!" मी धावत जाऊन नाकापुढे हात धरला. वाफ गरम असेल असं वाटलं होतं. ती गारेगार होती, कुल्फीच्या हंडीतून येते तशी. नाकपुड्यांच्या कडेला पाण्याचे थेंब धरले होते.

पन्नास पावलं बैल डौलात गेला. मग चाल मंदावली, फुरफुर बारीक झाली, आणि परीक्षक बसले होते त्यांच्या अलीकडेच तो थांबला. टाकी रिकामी. आम्ही दोर बांधला आणि बाकीचं अंतर ओढत नेला. नंबर नाही आला. आता तर नंबर सजावटीच्या खर्चावर मिळतात, बाजारातून आणलेल्या झुलीवर. पोरानं स्वतः घासून रंगवलेल्या बैलाला पहिला मान मिळायला पाहिजे, हे मी दरवर्षी सांगत आलो आहे आणि सांगत राहणार.

त्या रात्री मामाजींनी मला पुन्हा दुकानात नेलं. टाकी भरायला लावली आणि म्हणाले, "हात लाव." टाकी गरम झाली होती. "पाह्य, भरताना ताप बाहेर गेला आणि सोडताना गारवा आला. विजेचं बिल सगळं माझं, बैलाच्या वाट्याला थोडंसं."

श्रोतेहो, हवेच्या गाडीचं सगळं गणित यात आलं. दाबलेल्या हवेत तुम्ही भरलेलीच ताकद असते. पुन्हा सांगतो, भरलेलीच, आणि त्यातलीही बरीच वाटेत जाते. फ्रान्समध्ये नान्त शहरात 1879 पासून हवेवरच्या ट्राम धावल्या. तिथेही हवा इंजिनात जाण्याआधी गरम पाण्यातून न्यावी लागे, नाहीतर गारठ्यानं यंत्र गोठायचं. 2007 मध्ये टाटा मोटर्सनं फ्रान्सच्या एमडीआय कंपनीशी हवेच्या गाडीसाठी करार केला, पण लोकांना विकत घेता येईल अशी गाडी त्यातून आली नाही.

गॅसचं वेगळं. सीएनजी, म्हणजे दाबलेला नैसर्गिक वायू, हासुद्धा दाबूनच भरतात, जवळपास 200 बार दाबानं. आपल्या कारच्या टायरात दोन-सव्वादोन बार असतो, त्याच्या शंभर पट समजा. (टायरची हवा पंधरा दिवसांनी तपासत जा हो. कमी हवेवर गाडी हाकणारे लोक मला बघवत नाहीत.) पण इथे दाब फक्त जागा वाचवायला. ताकद गॅसमध्ये स्वतःची आहे, कारण तो जळतो. लाइटबिलाच्या युनिटात सांगतो. एक किलो सीएनजीत साधारण 13 युनिट ऊर्जा. एक किलो हवा 300 बारला दाबली तरी फार तर 0.14 युनिट. इंजिनात पाऊण ऊर्जा वाया गेली तरी गॅस कितीतरी पुढे राहतो. हवेत भरलेली ताकद, गॅसमध्ये स्वतःची ताकद. एवढं लक्षात ठेवा.

आपल्या नागपूरची अडचण गॅसची नव्हती, तो इथवर येण्याची होती. गॅसची पाइपलाइन नव्हती, म्हणून उणे 162 अंशांना द्रव केलेला गॅस गुजरातेतून टँकरनं यायचा. 2022 च्या मार्चमध्ये इथे सीएनजी किलोला 120 रुपयांवर गेला होता. ज्या ऑटोवाल्यांनी कर्ज काढून किट बसवले, त्यांच्या पोटावर ते आलं. शहराच्या कचरा डेपोत, भांडेवाडीला, रोज जाणाऱ्या ओल्या कचऱ्यातूनही सीएनजीत असतो तोच वायू, मिथेन, निघतो. तो साठवून गाड्यांत भरला, तर बाहेरच्या गॅसची गरज तेवढी कमी नाही का होणार?

आणि सीएनजीच्या गाडीला घाबरू नका. घरच्या सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो गळला की जमिनीलगत साचतो. सीएनजी हलका, तो वर उडून जातो. मात्र टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी करून घ्यायचीच. दर तीन वर्षांनी. उद्या पंपावर रांगेत उभे राहाल, तेव्हा गॅस भरायच्या नळीजवळची छोटी पट्टी बघा. त्यावर पुढच्या चाचणीची तारीख असते. ती उलटून गेली असेल, तर आधी टाकी तपासून घ्या, मग गॅस भरा.

नमस्कार.